पिस्तुलावरील लेझर लक्ष्यदर्शक

पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारख्या हातबंदुकीवर बसविलेले आणि नळीच्या दिशेने लेझर किरण सोडून लक्ष्यावर प्रकाशाचा ठिपका उमटविणारे उपकरण म्हणजे लेझर लक्ष्यदर्शक होय. नेम धरताना गोळी अंदाजे कोठे लागेल हे या ठिपक्यावरून कळते. या उपकरणाचा प्रसार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे नागरिक, पोलीस आणि सैन्याची विशेष दले हे त्याचे तेथील प्रमुख वापरकर्ते आहेत. त्याची उपयुक्तता हा नेमबाजीच्या प्रशिक्षकांमध्ये दीर्घकाळ चाललेल्या वादाचा विषय आहे.

चित्रपटांमुळे हे उपकरण सर्वांच्या परिचयाचे झाले असले, तरी त्याची 'रेड डॉट' दर्शकाशी नेहमी गल्लत होते. रेड डॉट दर्शकातील ठिपका एका छोट्या काचेत, केवळ नेम धरणाऱ्याच्याच डोळ्याला दिसतो; लक्ष्यावर काहीही पडत नाही. लेझरचा ठिपका मात्र प्रत्यक्ष लक्ष्यावर पडतो आणि तो सर्वांना दिसू शकतो. पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

कार्यपद्धती

साध्या पिस्तुलावर नेम धरण्यासाठी नळीच्या मागील बाजूस एक खाच आणि टोकाशी एक लहान उंचवटा असतो. या उंचवट्यास फोरसाइट किंवा माशी म्हणतात. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावी लागतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. त्यामुळे नजर माशीवर स्थिर करून लक्ष्य किंचित धूसर दिसू द्यावे, असे परंपरेने शिकविले जाते. लेझर लक्ष्यदर्शकामुळे ही तीन बिंदूंची जुळणी टळते. नजर लक्ष्यावरच ठेवता येते.

किरण आणि नळीचा अक्ष मात्र एकच नसतात. उपकरण नळीच्या खाली किंवा बाजूस बसविलेले असल्याने दोहोंत काही सेंटिमीटरांचे अंतर राहते. समजा, लेझर नळीच्या अक्षाखाली ४ सेंमी आहे आणि किरण १० मीटरवर गोळीच्या मार्गास मिळेल असा जुळविला आहे. मग ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २ सेंमी वर लागेल, तर २० मीटरवर ती ठिपक्याच्या ४ सेंमी खाली जाईल. किरण नळीस समांतर ठेवला, तर जवळच्या सर्व अंतरांवर हा फरक सुमारे ४ सेंमीच राहतो. शालेय भूमितीतील समरूप त्रिकोणांचे हे सरळ उदाहरण आहे. यात गुरुत्वाकर्षणाने होणारी गोळीची घसरण मिळवावी लागते. ३५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी १० मीटरवर अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी, परंतु ५० मीटरवर १० सेंटिमीटरहून अधिक खाली येते. प्रकाशकिरण व्यवहारतः सरळ जातो, गोळी तशी जात नाही. म्हणून 'ठिपका तेथे गोळी' हे समीकरण पिस्तुलाच्या नेहमीच्या पल्ल्यापुरतेच आणि तेही जवळपास खरे आहे.

किरणाचा रंगही महत्त्वाचा ठरतो. लाल लेझरची तरंगलांबी बहुधा ६३५ ते ६५० नॅनोमीटर, तर हिरव्याची ५२० ते ५३२ नॅनोमीटर असते. उजेडात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे शक्ती तेवढीच असली तरी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्याच्या सुमारे आठपट तेजस्वी भासतो. पूर्वीचे हिरवे लेझर अवरक्त किरणांची वारंवारता स्फटिकाच्या साहाय्याने दुप्पट करून मिळविले जात. ते थंडीत नीट चालत नसत आणि बॅटरीही लवकर संपवीत. थेट हिरवा प्रकाश देणारे अर्धवाहक डायोड बाजारात आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. सैन्यात वापरले जाणारे अवरक्त लेझर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी रात्रदर्शक चष्मा लागतो.

इतिहास

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे पहिला लेझर चालवून दाखविला. त्यानंतर विकसित झालेला हीलियम-निऑन लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण देत असे आणि बंदुकीवरील आरंभीची उपकरणे त्याच्यावरच आधारलेली होती. काचेची नळी आणि तिला लागणारा उच्च विद्युतदाब यांमुळे ती अवजड होती. कॅलिफोर्नियातील लेझर प्रॉडक्ट्स कंपनीने १९७० च्या दशकाअखेरीस असे लक्ष्यदर्शक तयार केले. हीच कंपनी पुढे शुअरफायर या नावाने विजेऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली. १९८४ च्या 'द टर्मिनेटर' या चित्रपटात आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या हातातील लांब नळीच्या पिस्तुलावर दिसणारा दर्शक याच कंपनीचा होता. त्याला वीज पुरविणारी यंत्रणा पिस्तुलात मावत नसल्याने ती अभिनेत्याच्या कपड्यांत लपवावी लागली होती. पडद्यावर भविष्यकालीन भासणारे ते शस्त्र प्रत्यक्षात वापरण्यास फारच गैरसोयीचे होते.

खरा बदल घडविला तो लाल प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक डायोडने. बोटाच्या पेराएवढ्या जागेत आणि गुंडीएवढ्या बॅटरीवर चालणारा लेझर शक्य झाल्यावर तो पिस्तुलाच्या मुठीत बसविता येऊ लागला. ऑरेगन राज्यात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या क्रिमसन ट्रेस कंपनीने मुठीच्या फळ्यांमध्येच लेझर बसवून त्याचा खटका बोटांखाली आणला. पिस्तूल पकडताच किरण सुरू होतो, ही सोय लोकप्रिय झाली. स्मिथ अँड वेसन या जुन्या शस्त्रनिर्मात्या उद्योगाने २०१६ मध्ये ही कंपनी विकत घेतली. दरम्यान १९९० च्या दशकात अमेरिकेच्या विशेष दलांसाठी जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने बनविलेल्या एमके २३ पिस्तुलासोबत दृश्य व अवरक्त असे दोन्ही किरण देणारे स्वतंत्र लेझर उपकरण पुरविले गेले.

प्रकार

मुठीतील लेझर, चापाच्या कडीला जोडलेला लेझर आणि नळीखालच्या पट्टीवर सरकवून बसविलेला लेझर हे तीन प्रकार सर्वत्र आढळतात. तिसऱ्या प्रकारात पुष्कळदा विजेरीही सोबत असते. मात्र त्यासाठी वेगळे होल्स्टर घ्यावे लागते. चौथा प्रकार स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलातील स्प्रिंगच्या मार्गदर्शक दांड्यात बसविण्याचा आहे. तो बाहेरून दिसत नाही. दर्शक जुळविताना वापरले जाणारे काडतुसाच्या आकाराचे लेझर हे निराळे साधन असून गोळी झाडण्यापूर्वी ते काढावेच लागते.

लाभ

लेझरचा सर्वांत निर्विवाद लाभ प्रशिक्षणात दिसतो. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना भिंतीवरील ठिपका कसा हलतो, हे शिकणाऱ्याला आणि शिकविणाऱ्यालाही स्पष्ट दिसते. चाप हिसकला की ठिपका उडी मारतो. गोळीच्या आवाजाच्या धास्तीने मनगट आधीच वाकले, तर तो खाली जातो. एरवी हे दोष कागदी लक्ष्यावरील छिद्रांवरून अनुमानाने शोधावे लागतात. हातातील कंपही त्यातून कळतो. नळी अर्ध्या अंशाने ढळली, तर १० मीटरवर ठिपका सुमारे ९ सेंमी सरकतो. ज्याला आपला हात स्थिर वाटत असतो, त्याचा भ्रम पहिल्याच दिवशी दूर होतो.

दुसरा लाभ वयाशी संबंधित आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरील माशी धूसर दिसते. वाचनाचा चष्मा लावला तर माशी स्पष्ट होते, परंतु दूरचे लक्ष्य हरवते. आणि रात्री अचानक उठलेल्या माणसाला उशाशी चष्मा सापडेलच असेही नाही. अशा व्यक्तींना लक्ष्यावरील ठिपका हा मोठा आधार ठरतो. खिशात मावणाऱ्या पिस्तुलांवर खाच व माशी नावालाच असतात आणि त्यांच्यातील अंतरही अत्यल्प असते. तेथे लेझरचा उपयोग अधिक जाणवतो.

अंधुक उजेडात काळी माशी काळ्या पार्श्वभूमीत मिसळते, ठिपका मात्र उठून दिसतो. पडलेल्या, जखमी किंवा आडोशामागे वाकलेल्या पोलिसाला पिस्तूल डोळ्यांच्या पातळीवर आणता येत नाही, हातात ढाल असली तरी येत नाही. अशा वेळी लेझर हाच एकमेव उपयोगी दर्शक उरतो. अंगावर ठिपका दिसताच समोरचा माणूस शस्त्र टाकतो, हा लाभही विक्रेते आवर्जून सांगतात. परंतु त्यासाठी त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिले पाहिजे आणि पाहिलेल्याचा अर्थ लावण्याइतके त्याचे भान शाबूत असले पाहिजे. यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

दोष व मर्यादा

भर उन्हात लाल ठिपका काही मीटरांपलीकडे दिसेनासा होतो. हिरवा अधिक टिकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. बॅटरी संपणे, भिंगावर तेल, काजळी वा कपड्याचे तंतू साचणे, गोळीच्या धक्क्याने जुळणी ढळणे, चापाच्या कडेला ठेवलेल्या बोटाने किरण अडणे या नित्याच्या तक्रारी आहेत. धूर, धुके किंवा धूळ असल्यास किरणाची संपूर्ण रेषा उजळते आणि ती दोन्ही टोकांकडे बोट दाखविते. अंधारात लपलेल्या माणसाच्या दृष्टीने हा दोष प्राणघातक ठरू शकतो. एकाच खोलीत अनेक पोलिसांचे ठिपके एकत्र आले, तर आपला कोणता हे ओळखण्यात क्षण जातो. काच, आरसा किंवा चकचकीत फरशी यांवरून किरण परावर्तित होऊन डोळ्यांत जाण्याचीही शक्यता असते.

यांहून गंभीर दोष सवयीचे आहेत. ठिपका सतत थरथरत असतो, कारण हात थरथरत असतो. नवशिका तो स्थिर होण्याची वाट पाहतो किंवा तो लक्ष्यावरून जाताच घाईने चाप ओढतो. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात नेम जातो. खाच व माशीने नेम धरतानाही कंप तेवढाच असतो, फक्त तो इतका ठळक दिसत नाही. त्याचप्रमाणे लेझरची सवय जडलेला माणूस ठिपका न दिसल्यास तो भिंतीवर, जमिनीवर शोधत राहतो. पिस्तूल आधी नेहमीच्या पद्धतीने डोळ्यांसमोर आणावे, ठिपका मग आपोआप त्याच जागी दिसेल, असे अनुभवी प्रशिक्षक बजावतात. ही शिस्त न बाणविता लेझर हाती देणे म्हणजे पाढे येण्यापूर्वी गणकयंत्र देण्यासारखे आहे.

लेझर गोळी कोठे जाईल हे दाखवितो; ती कोणाला लागेल हे दाखवीत नाही. ठिपक्याच्या प्रकाशात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या हातात शस्त्र आहे की फोन हेही कळत नाही. अंधाऱ्या घरात चोर समजून घरातल्याच माणसावर गोळी झाडली जाण्याचे प्रसंग अमेरिकेत पुनःपुन्हा घडले आहेत. अशा वेळी अचूक नेमाने अनर्थ टळत नाही, उलट तो निश्चित होतो. म्हणूनच लेझर आणि विजेरी यांपैकी एकच निवडायचे असल्यास विजेरी निवडावी, असे मत अनेक प्रशिक्षक मांडतात. ते मत लेझरच्या जाहिरातींपेक्षा अधिक विचारपूर्वक दिलेले आहे. मात्र पिस्तुलाला जोडलेल्या विजेरीने कोणाची ओळख पटवायची म्हणजे नळीही त्याच्याच दिशेने रोखावी लागते, त्यामुळे हातात वेगळी विजेरी बाळगणे इष्ट मानले जाते.

कायदे व क्रीडा

अमेरिकेत नागरिकांना विकल्या जाणाऱ्या दृश्य लेझर दर्शकांची शक्ती ५ मिलिवॅटपर्यंत मर्यादित आहे. स्वसंरक्षणाचा अपवाद वगळता, भीती घालण्याच्या हेतूने दुसऱ्यावर लेझर रोखणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, मग गोळी झाडली जावो वा न जावो. जर्मनीच्या शस्त्र कायद्याने बंदुकीवर बसविण्याची, लक्ष्यावर ठिपका पाडणारी उपकरणे निषिद्ध वस्तूंच्या यादीत घातली आहेत. १९९५ मध्ये स्वीकारलेला आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार नेम धरण्याच्या लेझरला लागू होत नाही. तो केवळ कायमचे अंधत्व आणण्यासाठी खास बनविलेल्या शस्त्रांपुरता आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार पिस्तुलासाठी परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. त्यामुळे या उपकरणाचा नागरी वापर येथे वादाचा विषय होण्याइतका वाढलेला नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत केवळ उघडी खाच व माशी यांनाच परवानगी आहे. लेझर, दुर्बीण आणि इलेक्ट्रॉनिक ठिपका या सर्वांवर बंदी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळविलेले सुवर्णपदक अशाच उघड्या दर्शकाने मिळविलेले आहे. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छऱ्यांऐवजी लेझर पिस्तूल वापरले जाते. परंतु तेथे लेझर हा दर्शक नसून प्रक्षेप्य आहे: १० मीटरवरील लक्ष्यावर प्रकाशाचा एक स्पंद सोडला जातो आणि नेम मात्र खाच व माशी जुळवूनच धरावा लागतो.