झाड, खांब आणि तबकडी

डिस्क गोल्फ हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून आधी त्याचे स्वरूप सांगतो. झाडीतून आखलेला एक मार्ग असतो. खेळाडूच्या हातात एक तबकडी असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या पार करील तो जिंकला. वाटेत झाडे येतात. तबकडी खोडावर आपटून भलतीकडे गेली तर तक्रार करता येत नाही. फेकीला आड येते म्हणून फांदी मोडली तर खेळाडूला दंड बसतो.

या शेवटच्या नियमापाशी मी थबकलो. झाड मोडणाऱ्याला खेळाच्या नियमांतच शिक्षा असावी, ही गोष्ट उपनगरात वाढलेल्या माणसाला नवलाची वाटते.

खेळाचा इतिहास तसा अलीकडचा. कॅनडातील सास्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ या गावी १९२६ मध्ये शाळकरी मुले पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत, अशी नोंद मिळते. मात्र त्याला नियमबद्ध रूप दिले ते एड हेड्रिक यांनी. व्हॅम-ओ कंपनीसाठी फ्रिस्बीची सुधारित रचना करणारे हे गृहस्थ. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिला कायमचा मार्ग आखला गेला. पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना उभी राहिली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले. आरंभी लक्ष्य म्हणून झाडे आणि खांबच वापरत. टोपली नंतर आली. हेड्रिक यांनी प्रमाणित केली ती टोपली आणि तबकडी. भूमी मात्र जशी असेल तशीच राहू दिली. त्यामुळे जगातला कोणताही मार्ग दुसऱ्यासारखा नाही, तरी खेळ सर्वत्र एकच आहे.

आता आपल्याकडे पाहू. झाडाशिवाय ज्याची कल्पनाच करता येत नाही असा मराठी खेळ म्हणजे सूरपारंबी. वडाखाली रिंगण आखायचे, एकाने पाय उचलून त्याखालून काठी शक्य तितकी लांब भिरकवायची; ज्याच्यावर राज्य तो काठी आणायला धावतो, तोवर बाकीचे झाडावर चढतात. काठी रिंगणात ठेवून राज्य असलेल्याने कुणाला तरी शिवायचे. इतरांनी पारंब्यांवरून खाली उतरून, त्याला चुकवून काठी गाठायची. इथेही एक फेक आहे आणि झाडाचा आकारच डावाचा आकार ठरवतो. वड बदलला की खेळ बदलला.

नेमके हेच या खेळाच्या मुळावर आले असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात देशी खेळांना नियमांची चौकट देण्याची मोठी चळवळ झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. या कार्याचे मोल मोठे आहे. त्याखेरीज खो-खो आणि कबड्डी आज जिथे आहेत तिथे पोहोचलेच नसते. पण या चौकटीत बसण्याची अट म्हणजे सपाट, मोजलेले मैदान. खो-खोच्या मैदानात दोन टोकांना दोन खांब आहेत. मल्लखांबात तर खांब हेच सर्वस्व. फांद्या, पारंब्या, साल उतरवून झाड जेव्हा खांब झाले तेव्हाच त्याला स्पर्धेत प्रवेश मिळाला. वडाचे माप घेता येत नव्हते, म्हणून सूरपारंबी अंगणात राहिली. अंगण गेले तशी तीही गेली.

उपनगरांचा इतिहास याच्याशी जोडून वाचला पाहिजे. बोरिवली, चिंचोली ही नावे बोर आणि चिंच या झाडांवरून आली असे सांगतात. योगायोग असा की, ओक ग्रोव्हचा मार्ग आखला गेला त्याच १९७५ साली महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने झाडांची गणना, तोडीसाठी परवानगी आणि बदली लागवड या गोष्टी आणल्या. हेतू रास्त होता. परंतु व्यवहारात झाड हा एक आकडा झाला. आकड्याच्या बदल्यात दुसरा आकडा देता येतो. गोरेगावच्या आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडे पडली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. ती मेट्रो २०२४ पासून धावते आहे, तिची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. पण जुन्या झाडाच्या बदल्यात लावलेले रोप हातभर उंचीचे असते. त्याला पारंबी फुटायला एक पिढी जाते, आणि मुलाचे बालपण तेवढे थांबत नाही.

यावर कुणी म्हणेल, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आखा की तबकडीचा मार्ग. ते योग्य होणार नाही. शंभरहून अधिक चौरस किलोमीटरांचे ते जंगल बिबट्याचे आणि विहार-तुळशीच्या पाण्याचे आहे, आणि ते तसेच राहावे. प्रश्न आहे तो सोसायटीच्या आवारातल्या, शाळेच्या मागच्या, महापालिकेच्या उद्यानातल्या दहा-वीस झाडांचा. तिथे ‘झाडावर चढू नये’ अशी पाटी असते. खेळायचे असेल तर मैदानावर जा, असे सांगितले जाते. मैदान आणि झाड यांची ही फारकत आपण इतकी स्वीकारली आहे की ती मुळात केव्हा झाली, हा प्रश्नही पडत नाही.

आपल्यापैकी जे वर्गात शिकवतात त्यांना याचा एक परिणाम रोज दिसत असेल. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा या खेळांवर अभंग आहेत. ते शिकवताना आधी खेळ समजावावा लागतो आणि अध्यात्माचा क्रम त्यानंतर येतो. ‘पारंबी’ या शब्दालाही उद्या तळटीप लागेल. शब्द कोशात टिकवता येतो, पण पायाखालून काठी भिरकावण्यातली गंमत कोशात ठेवता येत नाही. ओक ग्रोव्हच्या मंडळींनी झाडांना खेळाबाहेर काढले नाही, एवढेच केले. आपला खेळ त्यांच्यापेक्षा जुना होता. तो पुन्हा मांडायला साखळ्यांची टोपलीही लागणार नाही. एक वड मात्र लागेल.