‘खानदेशकन्या’ म्हणताना

रावेरहून शिरपूरला जायला एकच रस्ता पुरतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाने निघाले की सावदा, फैजपूर, यावल, चोपडा आणि मग शिरपूर. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला कुठेतरी तापी. वाटेत बोली बदलते. आमच्याकडची लेवा बोली मागे पडते आणि पुढे अहिराणी कानावर येऊ लागते. पण या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक वाक्य सारखेच ऐकू येते: ‘स्मिता पाटील आपल्या खानदेशची.’

मीही हे वाक्य व्यासपीठावरून कितीदा तरी उच्चारले आहे. निवृत्त शिक्षकाला भाषणांची आमंत्रणे येतच असतात. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी स्मिताला ‘खानदेशकन्या’ म्हटले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्या इथे कुठे राहायच्या?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

सरळ उत्तर असे, की ती इथे वाढली नाही. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला आणि तिचे शिक्षणही तिथेच झाले. शिरपूरचे ते तिचे वडील, शिवाजीराव गिरधर पाटील. स्वातंत्र्यलढा, मग समाजवादी चळवळ, पुढे काँग्रेस, राज्याचे मंत्रिपद, राज्यसभा आणि सहकारी साखर कारखानदारी असा त्यांचा दीर्घ प्रवास. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आई विद्याताई या परिचारिका आणि समाजकार्यकर्त्या. म्हणजे जन्म पुण्याचा, जडणघडण पुण्याची, कारकीर्द मुंबईची. मग आपला वाटा कोणता?

एक वाटा घराण्याचा नव्हे, पण घरातल्या वातावरणाचा म्हणता येईल. ज्या खानदेशात शिवाजीराव घडले, तो राजकारणाने ढवळून निघालेला होता. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. १९३६ साली काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, म्हणजे रावेरपासून काही कोसांवर. आमच्या गावचे म्हातारे त्या अधिवेशनाला बैलगाड्या जुंपून गेल्याच्या आठवणी सांगत. सार्वजनिक काम हा घरचाच व्यवहार आहे, असे मानणारी काही कुटुंबे या काळाने घडवली. अशा घरातली मुलगी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेली, दौऱ्यांवर हिंडली, तर त्यात कुणाला वावगे वाटत नसे. स्मिताचा अभिनयाचा पहिला वर्ग तोच. पोरींना संध्याकाळी उंबऱ्याच्या आत बोलावण्याच्या त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती.

वडील मंत्री झाल्यावर बिऱ्हाड मुंबईला आले. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर स्मिता मराठी बातम्या देऊ लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. तिथेच श्याम बेनेगल यांनी तिला हेरले. त्याच सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात तिने काम केले. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, १९७६ मध्ये ‘मंथन’, १९७७ मध्ये ‘भूमिका’. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेल्या ‘भूमिका’ने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती. दुसरा राष्ट्रीय पुरस्कार जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’साठी. १९८५ साली पद्मश्री.

ही यादी सर्वत्र छापलेली असते. मला तिच्यातला एक धागा महत्त्वाचा वाटतो. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि चित्रपट उभा राहिला. त्यातली बिंदू ही दूध संस्थेच्या भांडणात सापडलेली खेड्यातली बाई. रावेर, सावदा, निंभोरा इथून केळीच्या वॅगनी दिल्लीकडे जात. त्या पाठवणाऱ्या सोसायट्यांची राजकारणे आम्ही लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे ‘मंथन’मधली भांडणे आम्हांला समजावून सांगावी लागली नाहीत. समजावून सांगावी लागली ती बिंदू. आमच्या केळीच्या बागांत निंदणी करणाऱ्या, पिलं काढणाऱ्या, चिकाचे काळे डाग लुगड्यावर वागवणाऱ्या बाया आम्ही रोज पाहत होतो. त्यांना संस्थेबद्दल, भावाबद्दल, नवऱ्याबद्दल काही मत असेल, असे आमच्या मनातही आले नव्हते. ‘जैत रे जैत’मधली ठाकर चिंधी पाहिल्यावर मला सातपुड्यातून बाजाराला उतरणाऱ्या पावरा आणि तडवी बाया आठवल्या. त्यांची नावे मला एकदाही विचारावीशी वाटली नव्हती.

सावळा रंग, मोठे डोळे, कामाची सवय असल्यासारखे हात आणि बसण्या-उठण्याची रांगडी पद्धत यांमुळे स्मिता पडद्यावर या बायांच्या शेजारची वाटायची. तेव्हाच्या हिंदी नायिकेच्या साच्यात हे बसत नव्हते. बाजारालाही ते पुरते पचले नाही. ‘चक्र’मध्ये झोपडपट्टीतल्या बाईला उघड्यावर न्हावे लागते, ही तिची अगतिकता. पोस्टरवर मात्र तेच दृश्य गल्ला जमवण्यासाठी आले. स्मिताला ते खटकले होते. पुढे ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ अशा व्यावसायिक चित्रपटांतही तिने कामे केली, पण माणसांच्या मनात राहिली ती दुसरी स्मिता.

माझ्या मनात राहिली ती ‘उंबरठा’मधली. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९८२ चा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. मी तेव्हा दहावीत होतो. आई, वडील, आत्या आणि मी असे चौघे पॅसेंजरने भुसावळला जाऊन तो पाहून आलो. सुलभा महाजन ही वकिलाची बायको, एका मुलीची आई. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून ती बाहेरगावी जाते. तिथले गैरप्रकार पाहते, झगडते, हरून परत येते. घरी तिची जागा उरलेली नसते. शेवटी ती पुन्हा घर सोडते आणि आगगाडीत बसलेली दिसते.

परतीच्या गाडीत आई एवढेच म्हणाली, “पोरीले सोडून कशी जाते बाई?” वडील खिडकीबाहेर पाहत होते. आत्या काहीच बोलली नाही. मॅट्रिक झालेली आत्या सासर सोडून वर्षभर आमच्याकडे होती. घरात तो विषय कुणी काढत नसे आणि विसरतही नसे. रावेर येईपर्यंत कुणी बोलले नाही.

पुढच्या जूनमध्ये आत्या परिचारिकेच्या दीड वर्षाच्या प्रशिक्षणाला गेली. घरात महिनाभर अबोला होता. सिनेमा पाहून कुणी घर सोडत नाही, हे मला समजते. आत्यानेही कधी तसे म्हटले नाही. पण अर्ज करायला कागद आणायला तिने मलाच पाठवले होते. मी “कशाला?” असे विचारल्यावर ती म्हणाली होती, “त्या बाईले नोकरीचा कागद आला होता ना, तसा मलेबी येऊ दे.”

प्रशिक्षणानंतर आत्याला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. पाड्यांवर पायी जायचे, बाळंतपणे करायची, नोंदवहीत लिहायचे. १९८६ च्या डिसेंबरात ती सुट्टीवर घरी आली होती, तेव्हा रेडिओवर बातमी लागली. २८ नोव्हेंबरला स्मिताला मुलगा झाला होता आणि १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने, ती मुंबईत गेली. वय ३१. गल्लीत सगळे ‘एवढी मोठी हिरोईन गेली’ म्हणून हळहळत होते. आत्या म्हणाली, “हिरोईन नाही, बाळंतीण गेली.” थोड्या वेळाने म्हणाली, “तिला मुंबईचे दवाखाने होते. माझ्या पाड्यावरच्या बाईला बैलगाडीसुद्धा मिळत नाही.” त्या महिन्यात तिच्या नोंदवहीत असे एक नाव लिहिले गेले होते. सुट्टी अर्धी टाकून ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

१९८७ मध्ये केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ आला. मिरचीच्या कारखान्यात आसऱ्याला आलेली सोनबाई, तिला सुभेदाराच्या हवाली करायला निघालेले गाव आणि शेवटी कारखान्यातल्या बायांनीच त्याच्या डोळ्यांत फेकलेले तिखट. तो पाहताना आत्या पहिल्यांदाच मोठ्याने हसली. तेव्हा पडद्यावरची बाई जाऊन काही महिने झाले होते.

म्हणून मला वाटते, स्मिता खानदेशची आहे हे शिरपूरच्या आडनावाने सिद्ध होत नाही. आडनाव तिला वडिलांकडून आले, त्यात आपले कर्तृत्व काहीच नाही. ज्या बाया आपल्या बांधावर, आपल्या ओसरीवर होत्या आणि आपल्याला दिसत नव्हत्या, त्या तिने दाखवल्या. त्यांच्याकडे आपण पुढे किती पाहिले, यावर आपला हक्क ठरतो. आत्या सेवेत होती तोवर तिचा सत्कार आमच्या गावाने केला नाही. स्मिताच्या तसबिरीला मात्र हार घालत राहिलो, आणि त्यात मीही होतो.

यंदाही त्याच कार्यक्रमाचे बोलावणे आले आहे. ‘खानदेशकन्या’ हा शब्द मी वापरणार आहे. पण त्याआधी पुढच्या रांगेतल्या त्या मुलीला शोधून विचारणार आहे, की तुझ्या घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिली बाई कोण, तिचे नाव तुला माहीत आहे का.