एकदा लिही, शंभरदा वीण

सोलापुरी चादर अंथरा आणि तिच्यावरचं एखादं फूल निवडा. तेच फूल डावीकडे आहे, उजवीकडे आहे, खाली आहे, वर आहे. ही पुनरावृत्ती विणकराने दोन वेगवेगळ्या युक्त्यांनी साधलेली असते. असेंब्ली भाषेत लूप लिहिणाऱ्यांना पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी याच दोन युक्त्या पुन्हा शोधाव्या लागल्या.

आधी माग. जेकार्डच्या मागावर प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड लागतं. जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला खालीच राहतो. मग धोटा जातो, एक ओळ विणली जाते आणि पुढचं कार्ड समोर येतं. आता फूल आडवं चार वेळा हवं असेल तर एकाच हुकाला चार ठिकाणच्या चार दोऱ्या बांधतात. हुक एकदा उचलला की चारही फुलांतला तोच धागा उचलला जातो. म्हणजे आडवी पुनरावृत्ती माग बांधतानाच, विणकामाच्या आधीच ठरते. उभी पुनरावृत्ती वेगळी. सगळी कार्डं दोऱ्याने ओवून शेवटचं कार्ड पहिल्याला जोडतात. माळ फिरत राहते आणि फूल पुन्हा पुन्हा येत राहतं. ही पुनरावृत्ती विणताना घडते.

पहिल्या युक्तीला जास्त दोऱ्या लागतात, दुसरीला फक्त एक गाठ.

जोसेफ मारी जाकार याने हा माग 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात उभा केला. तिथेच 1839 मध्ये त्याचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. त्याआधीच, 1836 मध्ये, बॅबेजने आपल्या यंत्राच्या आराखड्यात कार्डं घेतली होती आणि त्यात भर घातली: कार्डांची माळ मागे फिरवता यायला हवी, तीही गणिताचं उत्तर पाहून. 1843 मध्ये एडा लव्हलेसने आपल्या टिपांमध्ये अशा आवर्तनांबद्दल सविस्तर लिहिलं. ‘जेकार्ड म्हणजे पहिला कॉम्प्युटर’ असं फॉरवर्ड येतं, ते मला पटत नाही ते इथेच. मागाला ‘आता थांबू का?’ असा प्रश्न विचारता येत नाही. लूपमधली खरी करामत त्या प्रश्नात आहे.

पुढची शंभर वर्षं उडी मारून जाऊ. 1949 मध्ये केंब्रिजच्या एडसॅकवर डेव्हिड व्हीलरने अक्षरांत लिहिलेल्या सूचना आपोआप आकड्यांत बदलणारा छोटा प्रोग्रॅम बसवला. लूप मात्र विचित्र होता. इंडेक्स रजिस्टर नसल्याने प्रोग्रॅम चालता चालता स्वतःच्याच सूचनेतला पत्ता बदलायचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक 1960 मध्ये पूर्ण झाला. त्याची मेमरी 2048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. अशा जागेत तीच सूचना शंभर वेळा लिहून काढणं म्हणजे उधळपट्टीच. तिथे माळेची गाठच हवी.

पण ती गाठ दर वेळी हाताने मारायची म्हणजे काउंटर भरा, लेबल टाका, एक वजा करा, शून्य झालं का बघा, नाही तर परत उडी मारा. पाच ओळी, आणि प्रत्येकीत चुकायला जागा. म्हणून मॅक्रो आले: या पाच ओळींना एक नाव द्या, ते नाव दिसलं की असेंब्लर ओळी स्वतः उलगडेल. बेल लॅब्समध्ये डग्लस ईस्टवुड आणि डग मॅकिलरॉय यांनी 1959 मध्ये मॅक्रोंना अटी आणि स्वतःलाच हाक मारण्याची सोय दिली. आता लूप असेंब्लरच्या आतही चालू लागला. तो प्रोग्रॅम चालण्याआधीच संपायचा आणि मागे शंभर ओळी ठेवून जायचा. ही हुकाला बांधलेल्या दोऱ्यांची युक्ती.

आणि लगेच एक क्षुल्लक वाटणारी अडचण उभी राहिली. मॅक्रोत ‘पुन्हा’ नावाचं लेबल असेल आणि तो दोनदा वापरला, तर प्रोग्रॅममध्ये ‘पुन्हा’ दोन झाले. उडी कुठे मारायची? असेंब्लर चूक दाखवून थांबतो. प्रत्येक असेंब्लरने यावर आपला तोडगा काढला, आणि त्यात त्यांचे स्वभाव दिसतात. आयबीएमच्या 360 घराण्यात दर मॅक्रोहाकेला एक वाढणारा आकडा मिळायचा, तो लेबलाला तुम्हीच जोडायचा. मायक्रोसॉफ्टच्या मॅस्ममध्ये ‘लोकल’ असं जाहीर केलं की असेंब्लर गुपचूप दोन प्रश्नचिन्हं आणि एक क्रमांक असं नाव ठेवतो. नॅस्ममध्ये लेबलापुढे दोन टक्केचिन्हं. जीएनयूचा असेंब्लर तर नावच मागत नाही: लेबलाला नुसतं ‘1’ म्हणा आणि ‘मागचा 1’ किंवा ‘पुढचा 1’ अशी उडी मारा. मला हा शेवटचा आवडतो. वाड्यातल्या पाच बंडूंपैकी ‘आपल्या मागे उभा असलेला बंडू’ म्हणावं, तसं. जेकार्डच्या कार्डांवरही क्रमांक घालतात. माळ तुटली तर दिसायला सारखी शेकडो कार्डं पुन्हा कशी ओवणार?

खरी फजिती एका असेंब्लरमधून दुसऱ्यात जाताना होते. मॅस्मच्या 1991 मधल्या सहाव्या आवृत्तीत ‘व्हाइल’ दोन आहेत. टिंब नसलेला असेंब्लरच्या पोटात फिरतो आणि ओळी उलगडतो. टिंब असलेला प्रोग्रॅम चालताना फिरणारा लूप तयार करतो. जीएनयूमध्ये मात्र ‘रेप्ट’ला टिंब आहे, तरी तो उलगडणाराच, कारण तिथे असेंब्लरच्या सगळ्याच आज्ञा टिंबाने सुरू होतात. नॅस्ममध्ये त्याच कामाला टक्केचिन्ह लावून ‘रेप’. एका टिंबाने माळेची दोरी होते, नाही तर दोरीची माळ.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कितीतरी मुलांना हे सगळं आयआयटी मुंबईच्या धनंजय धामधेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातून भेटलं. त्यात रेप्टही आहे. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट 1983 मध्ये सुरू झालं आणि गिरण्यांच्या शहरात अभियांत्रिकीची वाट उघडली. 8086 ची प्रॅक्टिकल्स केलेल्या कुणालाही विचारा, सीएक्स रजिस्टर त्यांना आठवेल. ‘लूप’ ही सूचना मोजणी सीएक्समध्येच ठेवते, म्हणून लूपच्या आत लूप घातला की आधी सीएक्स स्टॅकवर ठेवावा लागतो. तो विसरला की प्रोग्रॅम थांबतच नाही. शिवाय ‘लूप’ची उडी मागे फक्त 128 बाइटपर्यंत पोचते. आत दोन बाइटची सूचना रेप्टने शंभरदा उलगडली की 200 बाइट झाले, उडी तोकडी पडते आणि असेंब्लर हात वर करतो. दोन्ही युक्त्या एकमेकींच्या आड येतात त्या अशा.

सोलापुरात पहिली मोठी गिरणी 1877 मध्ये निघाली, तिलाच पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चादर टिकली ती यंत्रमागांवर, आणि त्यात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा वाटा फार मोठा. चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ज्या कौशल्यावर हे सगळं उभं राहिलं, त्यात कागदावरच्या चौकटीतलं फूल पाहून कार्डात भोकं पाडणाऱ्याचाही हात होता. त्याला कुणी प्रोग्रॅमर म्हटलं नाही. मजुरीही त्या नावाची मिळाली नाही. कॉम्प्युटरच्या इतिहासात लियोंचं रेशीम येतं, लंडनमधली बॅबेजची बैठक येते. एक ओळ वाचून हजारो भोकांत उलगडणारा माणूस येत नाही. तो असेंब्लरचंच काम हाताने करत होता.

1983 मध्ये बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बाजारात आणला. त्यात कार्डं नाहीत, ओवणं नाही, गाठही नाही. डिझाइन फाइलमध्ये असतं, आणि उभं किती वेळा हवं ते एका आकड्यात लिहिता येतं. आडव्या पुनरावृत्तीसाठी मात्र अनेक मागांवर अजूनही एका हुकाला चार दोऱ्या बांधतात, आणि त्या हातानेच बांधाव्या लागतात.