दुर्बीण आधी आली, हात नंतर

रिसर्चची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात शस्त्रक्रियेचा इतिहास जिन्यासारखा असतो. आधी पोट उघडून ऑपरेशन, मग एक हात आत घालून अर्धी दुर्बीण, आणि शेवटी पूर्ण दुर्बीण. ऐकायला पटतं. पण साल लावून बघा, क्रमच मोडतो.

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी देशातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. (आमच्या हिंगणा रोडवरचं एनकेपी साळवे वैद्यकीय महाविद्यालयही १९९० चंच. तिथली पहिली बॅच शिकत होती, तेव्हा जगभर सर्जरीचं पुस्तक बदलत होतं.)

हात आत घालायची पद्धत रुजली ती यानंतर, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून. म्हणजे मागे वळून! का? पित्ताशय छोटं, बारक्या छिद्रातून निघतं. मूत्रपिंड, प्लीहा, मोठं आतडं तसं निघत नाही. अख्खं काढायचं तर चिरा द्यावाच लागतो. मग तो शेवटी देण्याऐवजी सुरुवातीलाच दिला आणि त्यातून हात घातला तर? लांब दांड्याच्या अवजारांनी गमावलेला स्पर्श परत मिळतो, रक्तवाहिनी सुटली तर बोटांनी दाबता येते. चिऱ्याचा अंदाजही मजेशीर: ग्लोव्हचा नंबर जेवढा, साधारण तेवढे सेंटिमीटर. अडचण होती पोटात भरलेल्या गॅसची, तो हाताच्या कडेने निसटायचा. त्यासाठी आधी बाही आली, नंतर जेलची चकती.

किडनीदात्यांचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. दाता ठणठणीत माणूस, ऑपरेशनचा त्याच्या शरीराला काडीचा फायदा नाही. १९९५ मध्ये रॅटनर आणि कावुसी यांनी दुर्बिणीतून दात्याची किडनी काढली. हाताची मदत घेऊन तेच काम केल्याचा वुल्फ यांचा लेख १९९८ चा. रक्तपुरवठा तोडल्यावर किडनी झटकन बाहेर काढून थंड करायची असते. तिथे आत आधीच असलेला हात कामाला येतो.

आता मेथडॉलॉजीचा मुद्दा. ‘हात घातल्याने फायदा होतो का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत? २००८ च्या मार्सेलो यांच्या चाचणीत मोठ्या आतड्याचे ९५ रुग्ण होते आणि तुलना निव्वळ दुर्बिणीशी होती. डाव्या बाजूच्या आतड्याच्या ऑपरेशनात सुमारे अर्धा तास वाचला. रुग्णालयातले दिवस मात्र जवळपास सारखेच. तुलनेचा गट म्हणून पोट उघडून केलेलं ऑपरेशन घेतलं असतं, तर वाचायचं चित्र वेगळं झालं असतं. लेख हातात आला की आधी तो गट शोधा, निष्कर्ष नंतर.

आणि शोधताना एक लक्षात ठेवा: १९९९ च्या एका महत्त्वाच्या बहुकेंद्री चाचणीच्या शीर्षकात या पद्धतीला ‘हँडोस्कोपिक’ म्हटलंय. नुसता आजचा कीवर्ड टाकला तर तो लेख हाती लागेलच असं नाही.