थंडीची पेटी कोणाची?

गोव्यातल्या कुठल्याही गावात जा. देवळाच्या वाटेवर किंवा शाळेसमोर जो पसरो असतो, त्याच्या दारात आईस्क्रीमची पेटी दिसतेच. वर सरकती काचेची झाकणे, अंगावर कंपनीचे रंगीत चित्र आणि पाठीमागून येणारी बारीक घरघर. मुलांचे डोळे आतल्या मालाकडे असतात. पेटीकडे सहसा कोणी बघत नाही. मला मात्र गेली काही वर्षे त्या पेटीचेच कुतूहल लागून राहिले आहे. आईस्क्रीमचा इतिहास आपण चवीचा इतिहास म्हणून वाचतो. पण तो मुळात थंडी साठवण्याचा इतिहास आहे. थंडी साठवायचे साधन ज्याच्या मालकीचे, त्याच्या मर्जीने बाकीच्यांनी खायचे, असे हे फार पूर्वीपासून चालत आले आहे.

अकबराच्या काळापासून सुरुवात करू. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या पाणी थंड करण्याच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. सोऱ्याच्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवून ते गार करत. जो सोरा बंदुकीच्या दारूत आग निर्माण करतो, तोच इथे थंडावा देतो, याचे अबुल फजललाही नवल वाटलेले दिसते. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला. तो नावेतून, गाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यांवरून आणला जाई. उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक बर्फ वापरतात, पण उमराव मात्र वर्षभर, असेही तो नोंदवतो. थंडीच्या वाटणीतला फरक या एका नोंदीत स्पष्ट आहे.

त्यानंतरची मोठी घटना १८३३ सालची. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजातून तळ्यातला नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला पाठवला. मे महिन्यात निघालेले जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात पोचले. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक राहिला. चार महिन्यांच्या उष्ण प्रवासात एवढा बर्फ टिकला, तो लाकडाच्या भुशामुळे. आज आपल्या पेटीच्या भिंतींत जो फोम भरलेला असतो, त्याचे काम तेव्हा भुसा करत होता. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, एवढेच ते काम.

कलकत्त्याच्या इंग्रज मंडळींनी वर्गणी काढून बर्फघर बांधून दिले आणि बर्फावरची जकात माफ झाली. मुंबईलाही १८३४ पासून अमेरिकन बर्फ येऊ लागला. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिल्याचे सांगतात. मद्रासचे बर्फघर १८४२ साली समुद्रकिनारी उभे राहिले. ती वास्तू आजही आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे नऊ दिवस राहिले, म्हणून ती आता विवेकानंदांच्या नावाने ओळखली जाते. बर्फाचा व्यापार कधीच वितळून गेला, इमारत तेवढी राहिली.

या सगळ्या व्यापारात गोम एकच होती. समुद्रापार बर्फ नेणारे जहाज आणि तो साठवणारे घर ज्याचे, त्याचाच भाव चालायचा. जहाज उशिरा आले की शहरातला बर्फ संपे आणि दिवाणखान्यांत हळहळ होई. १८७० नंतर हळूहळू इथेच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, तेव्हा कुठे बोस्टनच्या तळ्यांची गरज संपली.

आता आईस्क्रीम बनवायच्या साधनाकडे येऊ. नुसता बर्फ शून्य अंशाला असतो आणि साखर घातलेले दूध त्या थंडीला नीट गोठत नाही. म्हणून बर्फात मीठ घालतात. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या वस्तूंतून ओढून घेतो आणि मिश्रणाचे तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. मधल्या डब्यातले दूध त्यामुळे गोठते. सतत ढवळत राहिले तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि आईस्क्रीम जिभेवर मऊ लागते. अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने १८४३ साली हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, वर दांडा. आपल्या जत्रांतून ज्याला 'पॉट' म्हणत, तो याच घराण्यातला. आमच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जत्रेच्या फेरीत एक माणूस गोणपाटात गुंडाळलेली बादली घेऊन बसायचा. बाजूला खडे मिठाची पिशवी. त्याचे आईस्क्रीम संपेपर्यंतच टिकायचे, आणि सगळी मालमत्ता त्याची स्वतःची होती : बादली, डबा, मीठ, दूध आणि दंडातली ताकद.

विजेच्या पेटीचा जन्म अमेरिकेत १९२० च्या दशकात झाला. त्याआधी तिथल्या दुकानांत आईस्क्रीमचे डबे मीठ आणि बर्फ भरलेल्या पेट्यांत ठेवत, आणि कारखान्याची गाडी येऊन तो बर्फ सारखा भरत असे. विजेच्या पेटीने ही ये-जा थांबली. मात्र तेव्हाच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. १९३० च्या सुमारास थॉमस मिजली याने फ्रीऑन शोधला. त्याला वास नाही, तो पेटत नाही आणि श्वासात गेला तरी माणूस दगावत नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे सगळे जग त्यावर निर्धास्त राहिले. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी हाच वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो असे दाखवले. १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि २०१० पर्यंत ते जुने वायू आपल्याकडून हद्दपार झाले. आज नव्या पेट्यांत बहुधा प्रोपेन असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचाच भाऊबंद. प्रमाण थोडे असते, पण तो पेटतो. म्हणून अर्धवट शिकलेल्या माणसाकडून नव्या पेटीत गॅस भरून घेऊ नये.

गोव्यात ही पेटी गावापर्यंत उशिरा आली, याचे कारण वीज. मुक्तीपूर्वी वीज होती ती पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को अशा शहरांपुरती. खेड्यातल्या मोजक्या श्रीमंत घरांत घासलेटवर चालणारा फ्रीज असे. खाली दिवा पेटवायचा आणि वर बर्फ व्हायचा! स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये लावलेला हा शोध. आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या भाटकाराच्या घरात तो अजून उभा आहे. त्यात आता जुने दस्तऐवज ठेवतात. १९६१ नंतर हळूहळू गावोगाव खांब आले, तारा आल्या, आणि मग कधीतरी पेट्याही आल्या.

चार वर्षांपूर्वी एप्रिलात आमच्या वाड्यावरच्या काकींच्या पसऱ्यात अशी पेटी बसवली, तेव्हा मी सुट्टीवर होतो आणि सगळा सोपस्कार जवळून पाहिला. टेम्पोतून उतरवल्यावर मेकॅनिकने पेटी लगेच चालू केली नाही. चार-पाच तास ती तशीच उभी ठेवली. प्रवासात कलंडली असेल तर कॉम्प्रेसरचे तेल नळीत जाते, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवले, कारण आतली उष्णता बाहेर टाकायला यंत्राला वारा हवा. उन्हाचा कवडसा येत होता ती जागा त्याने बदलायला लावली. स्वतंत्र जाड पिनेचा सॉकेट, अर्थिंग तपासणे आणि स्टॅबिलायझर ही विजेची बाजू झाली. रात्रभर पेटी रिकामीच चालवली आणि दुसऱ्या दिवशी थर्मामीटर उणे १८ दाखवू लागल्यावर माल भरला. तोही आतल्या रेषेच्या खालीच. रेषेच्या वर ठेवलेला कप काचेजवळच्या उबदार हवेत बसतो.

जाताना त्याने काकींना बजावले, "लायट गेल्यार धांपण उगडूं नाकात, काकी." गोव्यातल्या पावसाळ्यात हे एक वाक्य सगळ्या पुस्तकी ज्ञानापेक्षा मोलाचे आहे. भरलेली पेटी बंद ठेवली तर माल काही तास तग धरतो. उणे १८ अंशांनाही आईस्क्रीममधले थोडे पाणी साखरेच्या दाट पाकात द्रवरूपच असते. तापमान वरखाली झाले की बारीक कण विरघळतात आणि पुन्हा गोठताना मोठ्या कणांना चिकटतात. दाताखाली जी करकर लागते ती ही. माल नासला आहे असे नाही, पण त्याच्यावर काय गुदरले याची ती साक्ष असते.

आपल्या हवेचे आणखी दोन त्रास आहेत. एक दमटपणा. झाकण उघडले की ओली हवा आत शिरते आणि भिंतीवर हिम धरते. अर्ध्या बोटाचा थर झाला की माल दुसरीकडे हलवून पेटी बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडायला गेलेल्याने आतली नळी फोडली आणि गॅस निघून गेला, असे प्रकार मेकॅनिक नेहमी सांगतात. दुसरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांवर कंडेन्सरच्या जाळीला दोन-तीन पावसाळ्यांत गंज चढतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशाने जाळी झाडली तर यंत्र जास्त जगते आणि बिलही उतरते. झाकणाचे रबर नीट बसते का हे पाहायला कागदाची पट्टी अडकवून ओढावी. ती सहज सुटली तर थंडीही तशीच सुटते आहे. चार दिवस दुकान बंद ठेवून गावाला जायचे असेल तर पेल्यात पाणी गोठवून वर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मध्ये वीज बराच वेळ गेली होती असे समजावे.

हे सगळे झाल्यावर कंपनीच्या माणसाने कराराचे कागद पुढे केले. काकी म्हणाल्या, "तूं सरकारी मनीस, तूं वाच." मी वाचले. पेटी कंपनीच्या मालकीची, अनामत रक्कम दुकानदाराची, विजेचे बिल दुकानदाराचे, आणि आत माल फक्त कंपनीचा. विक्री कमी झाली तर पेटी परत नेण्याचा हक्क कंपनीचा. काकी आधी घरच्या फ्रीजमध्ये कोकमाची 'पेप्सी' करून शाळेच्या मुलांना विकायच्या, शिवाय जवळच्या एका लहान कारखान्याचे नारळाचे आईस्क्रीम ठेवायच्या. ते या पेटीत ठेवता येणार नव्हते. त्यांनी सही केली. पेटी स्वतः विकत घ्यायची तर पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न आपल्याच गावाचा आहे असे नाही. आयर्लंडमध्ये युनिलिव्हरची एच.बी. ही कंपनी दुकानदारांना पेट्या द्यायची, अट हीच : माल आमचाच. १९८९ मध्ये मार्स कंपनी आईस्क्रीम घेऊन त्या बाजारात उतरली, तर ठेवायला जागाच नाही. सुमारे ४० टक्के दुकानांत एच.बी.ची तेवढी पेटी, आणि दुसरी ठेवायला दुकान पुरत नाही. प्रकरण कोर्टात गेले. आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये एच.बी.च्या बाजूने निकाल दिला. युरोपीय आयोगाने मात्र १९९८ मध्ये ही अट स्पर्धेच्या नियमांविरुद्ध ठरवली. वरच्या न्यायालयाने २००३ मध्ये तो निर्णय उचलून धरला आणि २००६ मध्ये अपीलही फेटाळले गेले. एका पेटीसाठी एवढी वर्षे भांडण! मोठमोठ्या कंपन्या एवढ्या भांडल्या, यावरूनच ती पेटी काय चीज आहे ते कळते.

आपल्याकडे १९९७ पर्यंत आईस्क्रीमचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते. ते आरक्षण उठले आणि मोठ्या कंपन्यांना रान मोकळे झाले. माल गावोगाव पोचला, दर्जा एकसारखा झाला, मुलांची चैन झाली. हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीने पेटी दिली नसती तर आमच्या वाड्यावर आजही आईस्क्रीम मिळाले नसते. पण तालुक्यातल्या लहान कारखानदाराला प्रत्येक पसऱ्यावर पेटी फुकट देणे परवडत नाही. त्याचे आईस्क्रीम चवीत हरले असे म्हणता येणार नाही. त्याला उणे १८ अंशांची जागाच मिळाली नाही.

काकींनी गेल्या वर्षी एक जुनी, काच नसलेली पेटी स्वस्तात घेतली. तिच्यात कोकमाची 'पेप्सी', नारळाचे कप आणि पावसाळ्यात थोडी सुंगटेसुद्धा. दोन्ही पेट्यांचे बिल त्याच भरतात. जूनमध्ये गिऱ्हाईक नसते तेव्हा कंपनीची पेटी मोकळीच घरघरते, आणि दुसरी कमावते.

बोस्टनच्या बर्फाला मोठेपणा होता तो आपल्याकडे थंडी बनवता येत नव्हती म्हणून. आज ती प्रत्येक खांबावरच्या तारेतून येते. तरीही तिची पेटी दुसऱ्याची असेल, तर आपल्या मुलांनी कुठली चव ओळखायची हेही दुसराच ठरवतो. गावच्या पतसंस्था दुकानदारांना फर्निचरसाठी, दुचाकीसाठी कर्ज देतात. एका साध्या पेटीसाठी ते द्यायला काय हरकत आहे? नारळ आपला, कोकम आपले, मीठही आपल्याच आगरातले आहे.