वेतनकपात, वैमानिकांची
हवाई वाहतूक कंपनी अडचणीत आली, की वेतनकपात स्वीकारावी की कर्मचारीकपातीचा धोका पत्करावा, असा पेच वैमानिकांपुढे उभा राहतो. मुंबईच्या जेट एअरवेजमधील घटनाक्रम याचे ठळक उदाहरण होय. इंधनदरवाढ व तोटा यांमुळे कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वेतनकपात सुचविली. वैमानिकांनी ती नाकारली. तथापि पुढे वेतनच थकू लागले. थकबाकीसाठी १ एप्रिल २०१९ पासून उड्डाणे न करण्याचा इशारा त्यांच्या ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ या संघटनेने दिला व तो लांबणीवर टाकला. १७ एप्रिल रोजी कंपनीची सेवा बंद पडली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तिच्या अवसायनाचा आदेश दिला. नाकारलेली कपात थकबाकीच्या रूपाने सोसावी लागलीच. नोकरीही टिकली नाही.