चल बिनतारी जाळ्यांतील मार्गनिर्णय : क्रमांक-तत्त्वाचा उदय आणि विकास

वसई तालुक्यातील कळंब हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस आणि अर्नाळ्याच्या दक्षिणेस असलेले समुद्रकाठचे गाव होय. या किनाऱ्यासमोर काही होड्या मासेमारीसाठी पांगल्या आहेत, प्रत्येकीवर अल्प पल्ल्याचे बिनतारी यंत्र आहे, आणि सर्वांत दूरच्या होडीला वादळाची सूचना किनाऱ्याकडून मिळावयाची आहे, अशी कल्पना केली असता या विषयाचे मूळ सहज ध्यानात येते. किनाऱ्याचा आवाज त्या होडीपर्यंत थेट पोहोचत नाही; मधल्या होड्यांनी तो पुढे द्यावयास हवा. परंतु वारा आणि भरती-ओहोटी यांमुळे होड्यांच्या जागा पालटत राहतात, आणि घटकेपूर्वी खरी असलेली वाट आता खोटी ठरते. ज्या जाळ्यात कायमचे मनोरे नाहीत आणि प्रत्येक घटक एकाच वेळी प्रेषक, ग्राहक व वाटाड्या असतो, अशा जाळ्यातील वाट ठरविण्याच्या नियमांचा इतिहास हा प्रामुख्याने शिळ्या बातमीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

बिनतारी यंत्राने संगणकीय संदेश धाडण्याचा पहिला मोठा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली झाला. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या 'अलोहा' जाळ्यात सर्व केंद्रे एका मध्यवर्ती केंद्राशीच बोलत. त्यामुळे वाटेचा प्रश्न उद्भवलाच नाही. तो उद्भवला अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेने १९७३ च्या सुमारास हाती घेतलेल्या 'पॅकेट रेडिओ' योजनेत. तेथे संदेश टप्प्याटप्प्याने जात असे, आणि काही यंत्रे चालत्या वाहनांत बसविलेली असत. पुढील काळात या जाळ्यातील प्रत्येक यंत्र दर साडेसात सेकंदांनी आपल्या अस्तित्वाची व आपणांस ठाऊक असलेल्या अंतरांची वार्ता शेजाऱ्यांना देत असे.

शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरात एक टप्पा मिळवून आपले अंतर ठरवावयाचे, ही रीत गणिती दृष्ट्या जुनी होती. लेस्टर फोर्ड यांचे १९५६ मधील व रिचर्ड बेलमन यांचे १९५८ मधील कार्य तिच्या मुळाशी आहे. आर्पानेट या तारांनी जोडलेल्या संगणक-जाळ्यातही आरंभी हीच रीत होती. परंतु तिच्यातील दोषांमुळे १९७९ मध्ये ती सोडून देण्यात आली.

तो दोष कळंबच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पहिली होडी किनाऱ्यापासून एका टप्प्यावर आणि दुसरी, पहिलीच्या द्वारे, दोन टप्प्यांवर आहे. पहिली होडी वाहवत जाऊन तिचा किनाऱ्याशी संबंध तुटला. इतक्यात तिला दुसरीकडून कळते की, 'किनारा माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.' ही वार्ता मुळात आपल्याच जुन्या सांगण्यावर आधारलेली आहे, हे पहिलीस उमगत नाही; ती आपले अंतर तीन मानते. ते ऐकून दुसरी आपले अंतर चार करते. असे आकडे वाढतच जातात, आणि किनाऱ्यासाठी निघालेला संदेश दोन होड्यांमध्येच फिरत राहतो. स्थिर जाळ्यात तारा क्वचित तुटतात. चल जाळ्यात मात्र हा प्रसंग नित्याचा होय.

या दोषावरील निर्णायक उपाय १९९४ मध्ये पुढे आला. आयबीएमच्या संशोधनशाळेतील चार्ल्स पर्किन्स आणि मेरीलँड विद्यापीठातील प्रवीण भागवत यांनी त्या वर्षी लंडन येथील 'सिगकॉम' परिषदेत 'डीएसडीव्ही' या नावाने ओळखला जाणारा नियमसंच मांडला. भागवत हे पुढे पुण्यात कार्य करणाऱ्या 'एअरटाइट नेटवर्क्स' या बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेसंबंधीच्या कंपनीचे संस्थापक म्हणून परिचित झाले. त्यांच्या उपायाचे मर्म असे की, गंतव्यस्थानाने स्वतःच आपल्या वार्तेवर क्रमांक घालावा आणि तो वाढवीत न्यावा. हे क्रमांक सम असतात. दुवा तुटल्याचे ज्यास कळेल, त्याने लगतचा विषम क्रमांक घालून 'अंतर अनंत' असे जाहीर करावे. दोन वार्तांपैकी मोठ्या क्रमांकाची ग्राह्य धरावी. क्रमांक समान असल्यासच जवळची वाट निवडावी. वरील उदाहरणात दुसऱ्या होडीच्या वार्तेवरील क्रमांक लहान असल्याने पहिली होडी ती तत्काळ नाकारील. वाट किती जवळची, या प्रश्नाआधी बातमी किती ताजी, हा प्रश्न येथे प्रथम ठेवला गेला.

तथापि या नियमसंचास पुढे मोठे यश लाभले असे म्हणता येत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ५० चल केंद्रांची संगणकीय प्रतिकृती रचून चार नियमसंचांची तुलना केली. तीत केंद्रांची हालचाल वाढताच डीएसडीव्ही मागे पडला. सर्व वाटांची कोष्टके सतत अद्ययावत ठेवण्याचा खर्च त्यास झेपेना. त्याच विद्यापीठातील डेव्हिड जॉन्सन यांनी १९९४ मध्येच मांडलेल्या 'डीएसआर' पद्धतीत, गरज पडेल तेव्हाच वाट शोधावयाची, ही कल्पना होती. पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एओडीव्ही'त गरजेपुरता शोध व गंतव्याचा क्रमांक या दोहोंचा मेळ घातला. जुलै २००३ मध्ये हा नियमसंच इंटरनेटच्या प्रायोगिक नियमपत्रांत समाविष्ट झाला. अशा रीतीने मूळ योजना मागे पडली, परंतु तिचे तत्त्व टिकले.

या तत्त्वासही मर्यादा आहेत. २०१३ मध्ये रॉब व्हॅन ग्लाबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, केवळ क्रमांकांमुळे एओडीव्हीत संदेश चक्राकार फिरणे टळतेच असे नाही; नियमपत्रातील संदिग्ध वाक्यांचे काही अर्थ लावल्यास ते घडू शकते. क्रमांक देणे पुरेसे नसून तो कोणी, केव्हा बदलावा याचेही काटेकोर बंधन हवे, हा यातील बोध होय.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 'ग्राम मार्ग' प्रकल्पाद्वारे दूरदर्शन-लहरींच्या पट्ट्यातून खेड्यांस इंटरनेट जोडण्याचे प्रयोग केले. पण तेथील केंद्रे स्थिर होती. केरळच्या किनाऱ्यावर अमृता विश्वविद्यापीठाने मासेमारी नौकांसाठी उभारलेल्या प्रायोगिक जाळ्यात मात्र केंद्रेच समुद्रावर हलती होती. जेथे केंद्रे हलतात, तेथे १९९४ चा प्रश्न अद्यापि जिवंत आहे. दूरच्या होडीस सूचना पोहोचणे हे यंत्रांच्या पल्ल्याइतकेच, मधल्या प्रत्येक होडीने ऐकीव वार्तेचे वय तपासण्यावर अवलंबून असते.